‘काका, जरा बारीक करा ना तो आवाज’

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात एक गोष्ट दरवर्षी घडते. गणपतीवर टांगलेल्या माटोळीतल्या फळांचा वास सोप्यावर भरून राहिलेला असतो, नेवऱ्यांचं ताट फिरत असतं आणि काका केसरबाई केरकरांची भैरवी लावतात, ‘जात कहाँ हो’. पहिला स्वर लागला की काकांचे डोळे मिटतात आणि वहिनीच्या कपाळाला आठी पडते. ‘काका, जरा बारीक करा ना तो आवाज. कानात घुसतो.’ वहिनीला गाण्याचं वावडं नाही. ती भजनी मंडळात गाते, जितेंद्र अभिषेकींचे अभंग तिला तोंडपाठ आहेत. केसरबाईंचा गळा तेवढा तिला सोसत नाही.

केसरबाईंचा जन्म १८९२ सालचा, आमच्या फोंडा तालुक्यातल्या केरीचा. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत पृथ्वीवरच्या आवाजांची जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर हीच भैरवी आहे. साऱ्या मानवजातीच्या वतीने निवडलेला आवाज, आणि तो आमच्याच घरातल्या एका माणसाला नकोसा होतो. वहिनीला गाण्यातलं कळत नाही, असं म्हणून काका हा विषय मिटवतात. मला ते पटत नाही. तिच्या कानात खरोखरच काहीतरी घुसतं, आणि ते मोजता येतं.

आवाज तयार होतो तो स्वरयंत्रातल्या स्नायूंच्या दोन घड्यांमुळे. फुप्फुसातली हवा वर येते तेव्हा या घड्या उघडतात आणि मिटतात, बायकांच्या बोलण्यात सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांच्या बोलण्यात सव्वाशेच्या आसपास. पण आवाजाचा स्वभाव ठरतो तो या घड्या किती झटकन मिटतात यावर. हळुवार मिटल्या तर आवाज मऊ, वाऱ्यासारखा येतो. चटकन आणि घट्ट मिटल्या तर मूळ स्वराबरोबर त्याच्या पटीतले वरचे कितीतरी सूर, म्हणजे उपस्वर, जोरात वाजतात आणि आवाजाला धार येते. आपल्याकडे अशा गळ्याला ‘जवारीदार’ म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात, तो आमचे गुरुजी नखाने केसभर पुढेमागे करायचे. एका जागी तार मुकी वाजायची, आणि जरासा दोरा हलला की तीच तार गुंजारव करायची. तार तीच, छेडणारं बोटही तेच, फक्त घोडीच्या रुंद पृष्ठभागाला ती घासून जाते आणि वरचे उपस्वर जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वी यावर संशोधन करून लिहिलं होतं. गळ्यातली जवारी वेगळ्या रीतीने तयार होते, पण कानाला मिळतं ते तेच, उपस्वरांचं भरगच्च पीक.

आता कानाकडे येऊ. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला पडद्याने बंद. एका टोकाला बंद नळीचं जे गणित, तेच इथे लावलं तर ही नळी साधारण ३,००० ते ३,५०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांच्या, ध्वनीला आपोआप उचलून धरते. म्हणून या पट्ट्यात आपले कान सगळ्यात तल्लख असतात. योहान सुंडबेरी या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पाश्चात्त्य ऑपेराचे गायक घशाची ठेवण बदलून आपली ताकद नेमकी ३,००० हर्ट्झच्या आसपास गोळा करतात, आणि मायक्रोफोनशिवाय अख्ख्या वाद्यवृंदावर मात करतात. आपल्याकडची तालीम वेगळी, पण अडचण तीच होती. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांच्या काळी नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हते. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पद पोचायला हवं, तर गळ्यात धार हवीच. देवळाच्या मंडपातल्या मैफलीचंही तेच. केसरबाईंचा खुला, भरदार ‘आ’कार ऐकताना ही जुन्या मंडपांची गरज मला स्पष्ट जाणवते.

मंडपात वीस हातांवरून जी धार सुखाची वाटते, तीच छोट्या स्पीकरमधून चार फुटांवरून आली की टोचते. इतक्या छोट्या स्पीकरला खालचे सूर नीट वाजवताच येत नाहीत, म्हणजे आवाजाचं अंग गळून जातं आणि पातं तेवढं उरतं. त्यात काका पंचाहत्तरीचे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं. काकांच्या कानापर्यंत जो आवाज पोचतो, तो वहिनीच्या कानातल्या आवाजापेक्षा थोडा गोलसर असणार.

एवढ्याने सगळं उलगडत नाही, कारण समवयस्क माणसंही एकाच गायकावरून भांडतात. आवाजातला खरखरीतपणा हे एक कारण. ध्वनीचा जोर सेकंदाला ३० ते १५० वेळा कमीजास्त झाला की कानाला तो खरखरीत लागतो. २०१५ साली संशोधकांनी माणसांच्या किंकाळ्या तपासल्या तेव्हा त्यांत नेमकं हेच सापडलं, आणि धोक्याच्या भोंग्यांतही. असा आवाज मेंदूतल्या भीतीशी निगडित असलेल्या बदामाएवढ्या भागाला, अमिग्डालाला, सरळ हलवतो. गाणाऱ्याच्या घशात ही खरखर आली की कुणाला ती काळजातून आलेली वाटते, कुणाला नुसती धोक्याची घंटा. मला वाटतं, दोघांच्याही अंगात तीच कळ दाबली जाते, पुढे तिचा अर्थ तेवढा वेगळा लागतो.

सतार आवडली नाही तर आपण ती बंद करतो आणि विसरतो. गळा आवडला नाही तर मात्र चिडतो. याचं कारण असं की आवाज मेंदूसाठी कधीच नुसता ध्वनी नसतो. कानशिलामागे मेंदूचे काही भाग इतर कुठल्याही ध्वनीपेक्षा माणसाच्या आवाजाला जास्त जोरात प्रतिसाद देतात, हे २००० साली मेंदूच्या प्रतिमांतून दिसलं. आवाज आला म्हणजे माणूस आला, बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, आपला की परका. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर पुरुषी वाटावा इतका भारी झाला. पहिल्यांदा ऐकणारे कितीतरी जण आजही आधी ‘हे कोण गातंय?’ या कोड्यात अडकतात. ते सुटेपर्यंत राग त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

शिवाय ऐकताना आपलं शरीरही थोडं गात असतं. २००२ साली इटलीत झालेल्या एका प्रयोगात, जिभेचं टोक थरथरवून म्हणायचे ‘र्र’चे शब्द नुसते ऐकताना लोकांच्या जिभेचे स्नायू जास्त सज्ज झालेले आढळले. कुमार गंधर्वांना क्षयाने गाठलं, कित्येक वर्षं गाणं थांबलं आणि मग ते छोट्या छोट्या, तुटक वाटणाऱ्या स्वरवाक्यांतून पुन्हा गाऊ लागले. त्यावरून रसिकांत उभे दोन तट पडले. काहींना त्या मोकळ्या जागांत श्वास सापडला, काहींचा श्वास तिथे अडकला. हा वाद आवडीनिवडीचा आहे तसाच छातीचाही असावा, असं माझं मत आहे.

सरासरी आवाजावरून मात्र कुणी भांडत नाही. २०१० साली संशोधकांनी संगणकावर अनेकांचे बोलण्याचे आवाज एकमेकांत मिसळले. जितके जास्त आवाज मिसळले, तितका तो मिश्र आवाज ऐकणाऱ्यांना अधिक गोड वाटला. या गोडव्यामागे ओळखीचा भाग असावा. सगळ्यांसारखा आवाज कुठेतरी ऐकलेला वाटतो आणि मेंदूला त्याच्यासाठी जास्त कष्ट पडत नाहीत. केसरबाई, गंगूबाई, कुमार हे त्या मध्यापासून फार दूरचे गळे. फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेत गाणाऱ्या गळ्यांच्या आवडीवर नुकताच अभ्यास झाला, त्यात यंत्राने मोजलेल्या गुणांवरून आवडीचा अंदाज फारसा बांधता आला नाही. ऐकणाऱ्याला तो आवाज कसा भासला, यावरून मात्र बराच बांधता आला.

आणि हे भासणं बदलतं. लहानपणी मलाही ही भैरवी नको व्हायची. काकांनी ती इतक्या वेळा लावली की कधीतरी केसरबाईंनी पुढचा स्वर घेण्याआधीच तो मला ऐकू यायला लागला. संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन हे सुखाशी निगडित रसायन पाझरतं, हे २०११ साली मोजलं गेलं. आवडत्या क्षणाला ते पाझरतंच, पण तो क्षण आता येणार या वाट पाहण्यातही, मेंदूच्या एका वेगळ्या भागात पाझरतं. वाट पाहायला मात्र वाट ओळखीची असावी लागते. नुसतं पुन्हा पुन्हा ऐकवून हे साधेलच असंही नाही. जे पहिल्यापासून खुपतं, ते वारंवार कानावर आदळलं तर जास्तच खुपू लागतं. मला काकांनी कधी बसवून ऐकवलं नाही, मी अंगणात खेळत असायचो. वहिनी मात्र लग्न होऊन आली ती थेट सोप्यावर, स्पीकरच्या समोरच्या खुर्चीत.

यंदा चवथीला वहिनी भैरवी सुरू व्हायच्या आधीच उठून आत गेली. मी पाणी प्यायला गेलो तर स्वयंपाकघरात ती खोबरं किसत होती. मध्ये एक माजघर आणि दोन जाड मातीच्या भिंती. २०० हर्ट्झच्या ध्वनीची लाट जवळजवळ पावणेदोन मीटर लांब असते, ती दारातून वळून सहज आत येते. ३,००० हर्ट्झची लाट अकरा सेंटिमीटरची, ती सोप्यावरच बरीचशी अडते. आत पोचली होती ती धार उतरलेली, भरीव, खोल भैरवी. वहिनीचा किसणीवरचा हात मध्येच थांबत होता.

‘इथून बरी ऐकू येते ही बाई,’ ती म्हणाली. ‘काकांना सांग, अजून एकदा लावा.’