गावी सुटतं, नाक्यावर परत लागतं

मुंबईत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गर्द, एमडी (मेफेड्रोन) किंवा गांजात अडकला की नातेवाइकांचा सल्ला ठरलेला असतो. "गावी पाठवा त्याला, संगत सुटेल." मग तो साताऱ्याला मामाकडे जातो, नाहीतर चिपळूणला काकांकडे. तिथे चार महिने खरोखर नीट राहतो. पोटभर जेवतो, वेळेवर झोपतो, अंगावर मांस चढतं. आई शेजारणीला सांगते, देव पावला. जूनमध्ये कॉलेज सुरू होतं, मुलगा परत येतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. घरातला निकालही ठरलेला: "तिकडे राहता येत होतं ना? मग इथे मुद्दामच करतो."

हे वाक्य मी फार घरांत ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे, कारण शरीरशास्त्र नेमकं याच्या उलट सांगतं. गावी तलफ न येणं आणि मुंबईत येणं, या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेतून घडतात. ती यंत्रणा मला व्यसनाच्या विज्ञानातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

गर्द म्हणजे अशुद्ध, भेसळीचं हेरॉइन. ते शरीरात गेलं की श्वास मंदावतो, वेदना बोथट होतात, आतडी सुस्तावतात. श्वास, ठोके, तापमान ठरावीक मर्यादेत राखणं हे शरीराचं रात्रंदिवस चालणारं काम असल्यामुळे ते लगेच उलट दिशेने जोर लावतं. असं वारंवार झालं की मेंदू शिकतो की नशा येण्याआधी काय काय घडतं. गच्चीच्या जिन्यावरचा अंधार, पन्नीचा चुरचुर आवाज, लायटरची ठिणगी, एका ठरावीक मित्राचा मिस्ड कॉल. पाव्हलॉवच्या कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटायची हे आपण शाळेत वाचलेलं असतं. इथे फरक एवढाच, की खुणा दिसल्यावर शरीर नशेसारखं वागत नाही, नशेच्या विरुद्ध वागू लागतं. येणारा धक्का परतवायची तयारी ते आधीच करून ठेवतं.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या शेपर्ड सीगल यांनी 1982 मध्ये हे उंदरांवर दाखवलं. उंदरांना वाढत्या प्रमाणात हेरॉइन दिलं गेलं, पण ते कायम एकाच खोलीत. दुसऱ्या खोलीत त्यांना फक्त साखरेचं द्रावण मिळायचं. शेवटी सगळ्यांना एक मोठा डोस दिला. आधी कधीच हेरॉइन न मिळालेल्या उंदरांपैकी 96 टक्के मेले. सवयीच्या खोलीत डोस मिळालेल्यांपैकी 32 टक्के मेले. आणि ज्या सरावलेल्या उंदरांना तोच डोस दुसऱ्या खोलीत मिळाला, त्यांच्यापैकी 64 टक्के मेले. औषध तेच, डोस तोच, पूर्वीची सवयही तेवढीच. खोली बदलली आणि मृत्यूचं प्रमाण दुप्पट झालं. नशा 'पचवण्याची' ताकद पेशींमधल्या बदलांमुळेही येते, पण तिचा एक मोठा हिस्सा असा जागेशी बांधलेला असतो.

आता उलट प्रसंग घ्या. मुलगा चार महिन्यांनी कुर्ल्याच्या त्याच पुलावरून उतरतो, तीच टपरी दिसते, तोच धूर नाकात जातो. शरीर तयारीला लागतं, पण नशा येतच नाही. मग त्या उलट जोराला आवरायला समोर काहीच नसतं. घाम फुटतो, अंग कसनुसं होतं, जीव कासावीस होतो. गावात या खुणाच नव्हत्या, म्हणून तिथे हे घडलं नाही. चार महिने तो चांगला वागला हे खरंच, पण त्या चार महिन्यांत त्या पुलाची परीक्षा एकदाही झाली नव्हती.

माणसांमधला पुरावाही आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी सुमारे पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेल्याचं आढळलं होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले जेमतेम पाच टक्के निघाले. यामागे इतरही कारणं होती, पण नशेची जागा कायमची मागे राहिली हे एक मोठं कारण मानलं जातं. आपल्या मुलाचं नेमकं उलट होतं, त्याला नशेच्या जागीच राहायला परत यायचं असतं.

मग ही शिकवण पुसता येते का? खूण दिसली पण नशा आली नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं की प्रतिक्रिया विरत जाते. याला विलोपन म्हणतात. पण विलोपनात जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते आणि कपाळामागच्या अग्रमेंदूचा आतला, खालचा भाग अमिग्डालातल्या (मेंदूच्या भावना हाताळणाऱ्या भागातल्या) जुन्या प्रतिक्रियेला दाबून ठेवतो. कोणती आठवण कुठे लागू करायची हे हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी जागा जोडणारा मेंदूचा भाग परिसर पाहून ठरवतो, आणि गोम अशी की नवी आठवण जिथे शिकली तिथेच जास्त चालते, तर जुनी कुठेही डोकं वर काढते. त्यातून अग्रमेंदू पक्का व्हायला विशीचा मध्य उजाडतो. भीतीवरच्या प्रयोगांत तर किशोरवयात विलोपन मुलं आणि प्रौढ दोघांपेक्षा कमजोर आढळलं, उंदरांत आणि माणसांतही. दवाखान्यात बसवून सिरिंज किंवा बाटलीची चित्रं दाखवत तलफ विझवण्याचे प्रयोग झाले, त्यांना यश बेताचंच आलं. दवाखान्यात शिकलेलं दवाखान्यातच राहिलं.

म्हणून सामना करायची कौशल्यं जिथे जगायचं आहे तिथेच घोटावी लागतात. त्यातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी सांगितलेलं. तलफ समुद्राच्या लाटेसारखी असते, चढते, फुटते आणि ओसरते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही, तिच्यावर तरंगायचं. प्रत्यक्षात हे असं दिसतं: मुलगा जिथे आहे तिथे थांबतो, शक्य असेल तर बसतो आणि तलफ अंगात नेमकी कुठे आहे ते शोधतो. घशात कोरड, जबड्यात ताण, पोटात खड्डा. दहापैकी किती, ते मनात म्हणतो. श्वास सावकाश सोडतो. पाच मिनिटांनी पुन्हा आकडा म्हणतो. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आकडा उतरू लागतो. भागवलेली प्रत्येक तलफ पुढच्या तलफेला बळ देते आणि न भागवता ओसरलेली प्रत्येक तलफ त्या पुलावर, त्या टपरीसमोर एक नवी आठवण तयार करते. हे सुरुवातीला एकट्याने आणि मुद्दाम अजिबात करू नये. पहिले काही आठवडे रस्ता बदलावा. पुढे समुपदेशकाच्या सल्ल्याने, बरोबर भरवशाचं माणूस घेऊन, जुन्या रस्त्याने जावं.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत, पण उपयोगी आहेत. दहा-पंधरा मिनिटं झपझप चालल्याने सिगारेटची तलफ त्या वेळेपुरती कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा असताना तलफ जास्त सतावते, तेव्हा क्लासवरून उपाशी येणाऱ्या मुलाच्या पिशवीत चणे-शेंगदाणे असावेत. मित्राने पुडी पुढे केली तर काय बोलायचं ते वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहिलेलं असावं. ऐन वेळी सुचत नाही.

लोकलच्या डब्यात 'न सांगता व्यसन सोडवा' अशी पत्रकं चिकटवलेली असतात. कुणी अंगारा देतं, कुणी गंडा बांधतं. अंगाऱ्याने पुलावरची आठवण बदलत नाही. न सांगता जेवणात औषध मिसळणं तर सरळ धोक्याचं आहे. दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम पोटात असताना माणूस नकळत दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. आणि हल्ली रील्समधून '21 दिवसांत मेंदू रिसेट' विकलं जातं. तसा कोणताही काटा मेंदूत नसतो. दिवस मोजायला लावून मुलाला बाविसाव्या दिवशी नापास ठरवणं मला क्रूर वाटतं.

सीगल यांचा उंदरांचा प्रयोग आणखी एका कारणासाठी प्रत्येक पालकाला ठाऊक हवा. नशा बंद असते त्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. गर्दवाला मुलगा घसरला आणि त्याने जुनाच डोस घेतला, तोही घरच्यांपासून लपून एखाद्या अनोळखी जागी, तर दोन्ही संरक्षणं एकदम गेलेली असतात. ओठ निळसर, श्वास संथ आणि घरघरता, हाका मारून उठत नाही, असं दिसलं तर 'झोपू दे, सकाळी बघू' म्हणू नका. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, काय घेतलं ते डॉक्टरांना न लपवता सांगा, लपवा असं कुणी सुचवलं तरी ऐकू नका. नॅलोक्सोन नावाचं औषध असा श्वास परत आणू शकतं, पण डॉक्टरांना कारण कळलं तरच. मार खायच्या भीतीने मित्र पळून जातात आणि मुलगा एकटा पडतो, म्हणून घसरलास तर आधी फोन कर, बोलणं नंतर, हे त्याला घरी आणायच्या दिवशीच सांगितलेलं असावं.

परतल्यावर रोज खिसे तपासण्यापेक्षा संध्याकाळी एवढंच विचारा: आज तलफ कुठे आली, किती वाजता, दहापैकी किती? वहीत लिहून ठेवलंत तर काही आठवड्यांत जागा आणि वेळा आपोआप पुढे येतात, आणि समुपदेशकाला काम करायला नेमकं काहीतरी मिळतं. समुपदेशक माहीत नसेल तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, आणि परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभागाकडे थेट जाता येतं. जाताना ती वही बरोबर न्या.