भाड्याने बीटनिक मिळतील : फ्रेड मॅकडाराच्या छायाचित्रांमागची पार्श्वभूमी

१९६० च्या आसपास न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. अस्सल बीटनिक (चाकोरी नाकारणाऱ्या ‘बीट’ कवी-लेखकांच्या कंपूतली माणसं) भाड्याने मिळतील. अवतार गबाळा, पण डोकं तल्लख. बाई-पुरुष दोन्ही उपलब्ध, असा तिचा आशय. ती देणारा फ्रेड मॅकडारा त्याच साप्ताहिकासाठी फोटो काढायचा. जाहिरात दिली थट्टेत, पण लोकांनी ती खरी मानली आणि विचारणा सुरू झाली. सुखवस्तू घरांतल्या पार्ट्यांना एखादा दाढीवाला कवी हवाच होता, मॅकडाराने तो पुरवला. टेड जोन्ससारखा कवी-चित्रकार अशा पार्ट्यांना जाऊन कविता म्हणायचा आणि त्याचे पैसे घ्यायचा.

बीट पिढीचा विषय निघाला की हा किस्सा हमखास सांगितला जातो, आणि सांगणारा बहुतेक वेळा मॅकडाराला थोडं हसतो. मला तो हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. कलंदर लेखक-चित्रकारांच्या वर्तुळांचे फोटो ज्यांनी काढले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा एक पाय अड्ड्यावर आणि दुसरा दुकानात होता. मॅकडाराने ते लपवलं नाही, एवढाच फरक. त्यांचं दुकान चाललं, म्हणूनच त्या अड्ड्यांची दफ्तरं आज शाबूत आहेत.

ही परंपरा सुरू होते पॅरिसमध्ये. १८४० च्या दशकात आन्री म्युर्जे हा कफल्लक लेखक लॅटिन क्वार्टरमधल्या आपल्याच मित्रमंडळींच्या गोष्टी एका छोट्या पत्रात लिहायचा. उधारी, थंडीत जाळायला लाकूड नसणं, घरमालकाला चुकवून जिना उतरणं, असा सगळा मामला. १८४९ मध्ये त्यावर नाटक आलं, ते धो धो चाललं, १८५१ मध्ये पुस्तक निघालं. म्युर्जेकडे पैसा आला तसा तो ज्या वस्तीने त्याला मोठं केलं त्या वस्तीतून बाहेर पडला. त्याच कंपूत गास्पार-फेलिक्स तुर्नाशों नावाचा एक व्यंगचित्रकार होता. नादार या नावाने तो पुढे जगाला माहीत झाला. १८५४ मध्ये त्याने फ्रान्समधल्या अडीचशेच्या आसपास साहित्यिकांची अर्कचित्रं एकाच मोठ्या शिळाछाप पत्रकात छापली. हे काम चालू असतानाच तो कॅमेऱ्याकडे वळला. बोदलेअर, नेर्व्हाल, गोत्ये आणि खुद्द म्युर्जे यांचे चेहरे आज आपल्या डोळ्यांपुढे येतात ते मुख्यतः नादारच्या फोटोंमुळे.

नादारचे सुरुवातीचे फोटो मित्रांचे आहेत, आणि ते तसे दिसतात. मागे साधा पडदा, बाजूने येणारा उजेड, समोरचा माणूस बोलता बोलता क्षणभर थांबल्यासारखा. १८६० मध्ये त्याने बुलव्हार दे कापुसिनवर मोठा स्टुडिओ थाटला, दर्शनी भाग लाल रंगवला आणि त्यावर स्वतःची भलीमोठी सही झळकवली. मग गिऱ्हाईक आलं, आणि फोटोंतली जान हळूहळू गेली. तरीही पुढे १८७४ मध्ये, कोणी विचारत नव्हतं अशा चित्रकारांनी आपलं पहिलं प्रदर्शन भरवलं ते त्याने सोडलेल्या याच जागेत. इम्प्रेशनिस्ट हे नाव त्या प्रदर्शनावरच्या टीकेतून त्यांना चिकटलं. फोटोग्राफरची जागा, चित्रकारांची अडचण आणि वर्तमानपत्रांची टवाळी हे त्रिकूट पुढेही वारंवार भेटतं.

पॅरिसमध्ये ब्रासाई या फोटोग्राफरने १९३२ च्या रात्रीच्या पॅरिसवरच्या पुस्तकातून ही रेघ पुढे ओढली. पण मॅकडारापर्यंत पोचायचं तर अटलांटिक ओलांडून ग्रिनिच व्हिलेजमध्ये यावं लागतं.

मॅनहॅटनच्या खालच्या भागातली ही वस्ती शहराच्या १८११ च्या चौकटीदार आखणीच्या आधीची. त्यामुळे इथले रस्ते वाकडेतिकडे, घरं बुटकी, गल्ल्यांत बाहेरचा माणूस चुकणार हे ठरलेलं. मोठे मार्ग आत शिरत नव्हते म्हणून भाडी कमी राहिली, आणि भाडी कमी म्हणून १९१० च्या दशकात लेखक, चित्रकार, समाजवादी, नाटकवाले इथे जमले. जानेवारी १९१७ मध्ये चित्रकार जॉन स्लोन, मार्सेल द्युशाँ आणि त्यांचे काही मित्र वॉशिंग्टन स्क्वेअरच्या कमानीवर चढले आणि तिथून त्यांनी व्हिलेज हे स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याची घोषणा करून टाकली.

याच काळात जेसी टार्बॉक्स बील्स ही बाई शेरिडन स्क्वेअरमध्ये छोटंसं दुकान टाकून बसली होती. अमेरिकेत वर्तमानपत्राच्या नोकरीत असलेल्या पहिल्या महिला फोटोग्राफरांपैकी ती एक. १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात अवजड कॅमेरा घेऊन शिडीवर चढलेली ही बाई आता चहाच्या खोल्या, मेणबत्त्यांची दुकानं आणि विचित्र कपड्यांतले कवी टिपत होती आणि त्यांची पोस्टकार्डं विकत होती. गिऱ्हाईक कोण, तर उत्सुक पर्यटक. सेव्हन्थ ॲव्हेन्यू याच सुमारास जुनी घरं पाडून वस्तीतून आरपार काढला गेला, १९१८ मध्ये त्याखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. बोहेमियन बघायला यायला तिकीट तेवढं काढायचं होतं. मग भाडी चढली आणि ज्यांना बघायला लोक येत होते त्यातले बरेच जण निघून गेले. बील्सच्या पोस्टकार्डांनी भाडी वाढवली म्हणणं हा तिच्यावर अन्याय होईल, ते काम रस्त्याने आणि रेल्वेने केलं. पण पर्यटकाच्या पिशवीत जे गेलं ते तिचंच काम होतं, आणि त्या काळातल्या व्हिलेजच्या आतल्या खोल्या कशा दिसत होत्या हे कळायला आज तेच हाताशी आहे.

मॅकडाराचा जन्म ५ नोव्हेंबर १९२६ चा, ब्रुकलिनमधल्या एका गरीब घरातला. पहिला कॅमेरा त्याने १९३९ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात घेतला, किंमत ३९ सेंट. नंतर लष्करात पॅराट्रूपर, युद्धोत्तर जपानमध्ये काही काळ, आणि परतल्यावर सैनिकांसाठीच्या सरकारी योजनेतून न्यूयॉर्क विद्यापीठात पत्रकारितेची पदवी.

ही योजना या कथेत मॅकडारापुरती नाही. युद्धावरून आलेल्या लाखो तरुणांना सरकारने शिक्षणाचा खर्च आणि महिन्याचा भत्ता दिला. त्यातले कित्येक चित्रकलेच्या शाळांत गेले. एकीकडे हा भत्ता, दुसरीकडे मॅनहॅटनच्या खालच्या भागात रिकाम्या पडत चाललेल्या कारखान्यांचे मोठमोठे मजले, यातून चित्रकारांची नवी वस्ती उभी राहिली. १९४९ मध्ये काही चित्रकारांनी ईस्ट एट्थ स्ट्रीटवर एक जागा घेऊन नुसता ‘क्लब’ सुरू केला. तिथे व्याख्यानं, वाद, नाच. वाद संपला नाही तर मंडळी युनिव्हर्सिटी प्लेसवरच्या सीडर टॅव्हर्नमध्ये जायची. विलेम डी कूनिंग, फ्रांझ क्लाइन, जॅक्सन पोलॉक हे तिथले नेहमीचे. दारूची दुकानं, कॉफीहाउसं, टेन्थ स्ट्रीटवरची चित्रकारांनी वर्गणी काढून चालवलेली कलादालनं, एट्थ स्ट्रीटवरचं विलेन्ट्झ बंधूंचं पुस्तकांचं दुकान. हा सगळा मुलूख पायी पालथा घालता येत होता. फोटोग्राफरला याहून काय हवं?

त्याला हवं होतं ते छापून येण्याचं ठिकाण. ऑक्टोबर १९५५ मध्ये डॅन वुल्फ, एड फँचर आणि नॉर्मन मेलर यांनी ‘व्हिलेज व्हॉइस’ काढलं. अंकाची किंमत पाच सेंट, आणि लेखकांना मानधन जवळपास नाहीच. शहराच्या रस्ते-बांधकामांचा बलाढ्य कारभारी रॉबर्ट मोझेस वॉशिंग्टन स्क्वेअरमधून मोटारींचा रस्ता काढायला निघाला होता, त्याविरुद्धच्या लढ्यात या पत्राने उडी घेतली आणि रस्ता झाला नाही. वुल्फ हा मॅकडाराचा मित्र. पोटासाठी जाहिरातींची जागा विकायची आणि संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचं, असा मॅकडाराचा त्या वर्षांतला दिवस. ‘व्हॉइस’शी तो असा जोडला गेला की पुढची कित्येक वर्षं तिथला तो एकमेव पगारी छायाचित्रकार होता, आणि नंतर चित्रसंपादकही.

साप्ताहिकाची नोकरी हीच त्याची शैली ठरली असं मला वाटतं. दर आठवड्याला फोटो द्यायचे म्हणजे कलात्मक क्षणाची वाट पाहत बसणं परवडत नाही. काव्यवाचन आहे? गेला. प्रदर्शनाचं उद्घाटन? गेला. भाड्याच्या खोलीतली नववर्षाची पार्टी? तिथेही गेला. त्याच्या चौकटीत फक्त बोलणारा कवी नसतो. ऐकणारे असतात, राखेने भरलेली ताटली असते, भिंतीवरची पोपडी असते, आणि कोपऱ्यात कंटाळलेलं कुणीतरी. त्याचा सर्वांत प्रसिद्ध फोटो १५ फेब्रुवारी १९५९ चा. ४८ ईस्ट थर्ड स्ट्रीटवरच्या ‘आर्टिस्ट्स स्टुडिओ’त जॅक केरुॲक वाचतोय, दोन्ही हात पसरून, जणू उडायच्या बेतात. ‘ऑन द रोड’ ही त्याची कादंबरी येऊन दीड वर्ष झालं होतं आणि केरुॲकला कीर्ती पेलत नव्हती. फोटोत मात्र उत्साह तेवढा दिसतो. मॅकडाराच्या कामाची मर्यादा इथेच आहे. त्याचा कॅमेरा खोलीत शिरायचा, माणसाच्या आत क्वचितच. खोलवरचं हवं असेल तर रॉबर्ट फ्रँकचे फोटो बघावेत. पण त्या रात्री खोलीत कोण कोण होतं हे फ्रँककडून कळत नाही.

१९६० मध्ये ‘द बीट सीन’ आलं, मॅकडाराचे फोटो आणि एलायस विलेन्ट्झचं संपादन. १९६१ मध्ये ‘द आर्टिस्ट्स वर्ल्ड’, चित्रकारांच्या स्टुडिओंचं, दारूच्या अड्ड्यांचं, दालनांचं. बायको ग्लोरिया त्याच्या पुस्तकांच्या कामात बरोबरीने होती. एवढ्या लोकांची नावं, तारखा, पत्ते जुळवून ठेवणं हे कुठल्याही कलंदराचं काम नव्हे. ते संसारी, टापटिपीच्या माणसाचं काम आहे, आणि मॅकडारा तसाच होता. त्याने पुढे न्यूयॉर्कच्या संग्रहालयांची मार्गदर्शिका काढली, छायाचित्रं कुठे विकावीत याचीही माहितीपुस्तिका काढली.

तोवर बीट मंडळींचा तमाशा झालाच होता. १९५७ मध्ये बीट कवी ॲलन गिन्सबर्गच्या ‘हाउल’वर सॅन फ्रान्सिस्कोत अश्लीलतेचा खटला चालला, प्रकाशक सुटला आणि कविता घरोघर पोचली. पुढच्या वर्षी तिथल्याच एका स्तंभलेखकाने स्पुटनिक या रशियन उपग्रहाच्या नावाची शेपटी जोडून ‘बीटनिक’ हा शब्द काढला, तो कुचेष्टेचा. मॅकडूगल स्ट्रीटवर शनिवार-रविवारी बघ्यांची झुंबड उडायला लागली. भाड्याने बीटनिक पुरवायची जाहिरात ही या झुंबडीवरची टीका होती, आणि झुंबडीतून मिळकतही. लोक कवीचा पोशाख बघायला येणारच असतील, तर कवीला त्याचे पैसे मिळावेत, यात गैर काय?

या झगमगाटाच्या आड एक दुसरं काम चालू होतं आणि ते पोशाखाइतकं फोटोत येत नाही. कवी लेरॉय जोन्स आणि त्याची बायको हेटी जोन्स ‘युगेन’ हे छोटं नियतकालिक चालवत होते. १९६१ पासून जोन्स आणि डायान डि प्रिमा यांनी ‘द फ्लोटिंग बेअर’ हे चक्रमुद्रित पत्रक काढलं. ते विकत मिळत नसे, टपालाने ठरावीक लोकांना जायचं. इथे मराठी वाचकाला आपलं काही आठवलं तर नवल नाही. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मंडळींचं चक्रमुद्रित ‘शब्द’ १९५५ चं, म्हणजे बीट नाव इथे पोचण्याच्या आधीचं. फेब्रुवारी १९६२ मध्ये गिन्सबर्ग आणि त्याचा जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्की मुंबईत उतरले. अशोक शहाणे यांचं ‘असो’ त्यानंतरचं. मराठी लघुनियतकालिकं बीटांची नक्कल होती, हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. दोन्हीकडे कारण एकच होतं : प्रस्थापित मासिकं दारात उभं करत नव्हती आणि स्टेन्सिल स्वस्त होतं. आपल्याकडे नव्हतं ते ‘व्हॉइस’सारखं साप्ताहिक आणि त्याचा पगारी फोटोग्राफर. म्हणून साठच्या दशकातली आपली ही चळवळ आपण आज वाचून जास्त ओळखतो, बघून कमी.

खुद्द गिन्सबर्गही फोटो काढायचा. १९५३ मध्ये त्याने १३ डॉलरना जुना कोडॅक घेतला, आपल्या खोलीबाहेरच्या लोखंडी जिन्यावर केरुॲकला टिपलं आणि फिल्म कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात धुवायला दिली. ते फोटो त्याच्या कागदपत्रांत पडून राहिले. १९८० च्या दशकात त्याने ते शोधून काढले, बेरेनिस ॲबट आणि रॉबर्ट फ्रँक या फोटोग्राफरांचं प्रोत्साहन मिळालं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात ओळी लिहून त्याने त्यांच्या प्रती काढल्या. मित्राने मित्रासाठी काढलेले म्हणून ते जास्त खरे मानले जातात. जवळीक त्यांत आहेच. पण तीही शेवटी कलादालनांत विक्रीला आली, आणि कवीला त्या पैशांची गरज होती.

मॅकडारा बीटांपाशी थांबला नाही, कारण साप्ताहिक थांबत नव्हतं. १९६२-६३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या दैनिकांचा ११४ दिवसांचा संप झाला, वाचक ‘व्हॉइस’कडे वळले आणि पत्र पायावर उभं राहिलं. एप्रिल १९६४ मध्ये स्टेबल गॅलरीत ब्रिलो साबणाच्या खोक्यांसारख्या आपल्याच कलाकृतींमध्ये उभा असलेला चित्रकार अँडी वॉरहॉल, २२ जानेवारी १९६५ ला शेरिडन स्क्वेअरमध्ये सलाम ठोकणारा बॉब डिलन, जून १९६९ मध्ये, पोलिसांच्या धाडीवरून दंगल उसळल्यावर, ‘स्टोनवॉल इन’ या समलिंगींच्या बारच्या फळ्या ठोकलेल्या खिडक्यांपुढे हसत उभी असलेली पोरं, हे सगळं त्याचंच. स्टोनवॉल ‘व्हॉइस’च्या कचेरीपासून काही दारांवर होतं. त्याला तिथे पोचायला वेळ लागला नाही. वस्तीत राहण्याचा हा फायदा.

६ नोव्हेंबर २००७ ला, ८१ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, तो गेला. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘व्हॉइस’चा छापील अंक बंद झाला तेव्हा शेवटच्या मुखपृष्ठावर त्याचाच सलाम ठोकणारा डिलन होता. पुढच्या वर्षी त्याच्या छायाचित्रांचं ‘न्यूयॉर्क सीन्स’ हे मोठं पुस्तक आलं. प्रस्तावना इतिहासकार शॉन विलेन्ट्झ यांची. एट्थ स्ट्रीटवर पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या आणि ‘द बीट सीन’ संपादित करणाऱ्या एलायस विलेन्ट्झचे ते चिरंजीव.