भूकंपोत्तर संथ सरकण आणि तापी खोरे

मोठ्या भूकंपाचा हादरा थांबला, तरी खडकातला विभंग, म्हणजे जिच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात ती भेग, थांबतोच असे नाही. तो पुढे कित्येक दिवस, कधी काही वर्षे, जमीन न हादरवता सरकत राहतो. हीच भूकंपोत्तर संथ सरकण. भूकंपमापक ही हालचाल टिपू शकत नाही. ती जीपीएस केंद्रे आणि उपग्रहांच्या रडार प्रतिमांवरून मोजतात. सुरुवातीला वेग मोठा असतो, मग तो झपाट्याने मंदावतो. मूळ घर्षणात आहे. पृष्ठभागालगतचा सैल गाळ किंवा खोलवरचा तापलेला खडक जसा वेगाने सरकू लागतो, तसे त्याचे घर्षणही वाढते. म्हणून तो एका झटक्यात तुटत नाही.

कॅलिफोर्नियातील पार्कफील्डचा २८ सप्टेंबर २००४ चा भूकंप ६.० क्षमतेचा होता. नंतरच्या संथ सरकणीची बेरीज मूळ भूकंपाच्या हालचालीहूनही मोठी भरली. कॅलिफोर्नियातच नापा येथे २०१४ साली भूकंपानंतरही विभंगावरचे रस्ते सरकत राहिले. अशा ठिकाणी डागडुजीची घाई व्यर्थ जाते.

सरकणीने ताण ओसरतो, हा समज अर्धाच खरा आहे. सरकलेल्या भागाचा भार शेजारच्या अडकलेल्या भागावर चढतो आणि मागाहूनच्या धक्क्यांना त्यातून चालना मिळू शकते. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर संथ सरकण मुख्यतः उत्तरेकडे, खोल भागात झाली. दक्षिणेचा उथळ भाग अडकलेलाच राहिला. खरी चिंता त्या भागाची आहे.

खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी तापी विभंगाचा पट्टा आहे. चोपडा तालुक्यातील उनपदेवचे गरम पाण्याचे झरे याच पट्ट्यातले. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सुमारे ६.३ क्षमतेचा भूकंप झाला. त्याची खोली सुमारे ४० किलोमीटर मानतात. इतक्या खोलवरची सरकण वर शेतात भेग पाडून दिसेल, अशी अपेक्षाच चुकीची आहे. तिचा माग काढायचा तर जीपीएस केंद्रे भूकंपाआधीच बसलेली हवीत, कारण आधीची नोंद नसेल तर नंतरच्या मोजणीला आधार उरत नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जुन्या गावांत अजूनही धाब्याची घरे आहेत. पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकतात आणि थरावर थर चढून छताचे वजन वाढत जाते. पहिल्या हादऱ्यात भिंत खिळखिळी झाली, की पुढचा मध्यम धक्काही ते छत खाली आणू शकतो. त्यामुळे मुख्य धक्का ओसरल्यावर, भिंती तपासून होईपर्यंत, अशा घरात झोपायला जाऊ नये.