शहरातला मळा आणि पालिकेचा कागद

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसला ताज्या भाजीसाठी लांब जावं लागत नसे. मळे शहराच्या कडेलाच होते, काही तर पोटातही. रस्त्यावरच्या घोड्यांची लीद खत म्हणून तिथे यायची आणि तिच्या उबेवर, काचेच्या हंड्यांखाली, भर थंडीत सॅलडचा पाला निघायचा. हे कुणी धोरण आखून केलेलं नव्हतं. भाजी नाशवंत आणि वाहतूक घोडागाडीची, त्यामुळे मळा जवळ हवाच. जर्मन अर्थतज्ज्ञ फॉन ट्युनेन यांनी १८२६ मध्ये हाच हिशेब कागदावर मांडला होता: बाजारपेठेला अगदी लगटून दूध आणि भाजीपाला, धान्य त्यापलीकडे, आणि गुरंचराई सगळ्यात लांब.

पालिका या व्यवहारात शिरली ती रोगराईमुळे. न्यूयॉर्कमध्ये १८४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत पोलिसांनी हजारो डुकरं दाट वस्तीतून हुसकावली. दहा वर्षांनी उरलेले गोठेही पाडले. ती मोहीम ‘डुक्करयुद्ध’ म्हणूनच ओळखली जाते. डुकरं पाळणारे बहुतेक गरीब स्थलांतरित होते आणि डुक्कर ही त्यांची बचत होती. पण घाण होतीच, तेव्हा पालिकेला सरसकट खलनायक ठरवता येणार नाही. विसाव्या शतकात नगररचनेचे नियम आले. न्यूयॉर्कचा संपूर्ण शहराला लागू होणारा नियम १९१६ चा आहे. निवासी, व्यापारी, औद्योगिक असे रंग नकाशावर भरले गेले. शेतीचा रंग बहुतेक शहरांच्या नकाशात आलाच नाही. पुढच्या अनेक भानगडींचं मूळ या न भरलेल्या रंगात आहे: जो वापर नकाशात नाही त्याला परवाना देता येत नाही आणि त्यावर धड देखरेखही करता येत नाही.

एरवी नको असलेला हा मळा संकट आलं की मात्र आठवतो. १८९३ च्या मंदीत डेट्रॉइटचे कारखाने बंद पडले, तेव्हा महापौर हेझन पिंग्री यांनी रिकामे भूखंड मालकांकडून मागून घेतले आणि बेकारांना बटाटे लावायला दिले. श्रीमंतांकडून वर्गणी फारशी जमेना, म्हणून त्यांनी स्वतःचा घोडा लिलावात काढला. १८९४ च्या पहिल्या हंगामात सुमारे ४३० एकर जमीन लागवडीखाली आली. पिंग्रींची थट्टा झाली, मग इतर शहरांनी त्यांचं अनुकरण केलं, आणि मंदी सरल्यावर हे मळेही सरले. जमीन उसनी होती, मालकाने परत मागितली की विषय संपला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तेच झालं. सुमारे दोन कोटी ‘विजयबागा’ फुलल्या आणि शांतता होताच बहुतेक ओस पडल्या.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी घडली, कारण तिथे कृपेऐवजी कायदा होता. १९०८ च्या कायद्याने वाफ्यांची, म्हणजे घरच्यापुरती भाजी पिकवायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यांची, मागणी असेल तिथे जमीन पुरवणं हे स्थानिक परिषदेचं कर्तव्य ठरवलं. सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी अर्ज दिला, तर परिषदेला त्याचा विचार करावाच लागतो. अर्ज करायला संस्था लागत नाही आणि शिफारसही लागत नाही. १९२२ मध्ये नोटिशीची मुदत आणि उभ्या पिकाची भरपाई आली. १९२५ मध्ये आणखी एक खुंटी ठोकली गेली: परिषदेने वाफ्यांसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येणार नाही. वाफा आजही ‘रॉड’मध्ये मोजतात, पूर्ण वाफा दहा रॉडचा, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. महायुद्धात अशा वाफ्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास गेली होती. आता ती बरीच घटली आहे, तरी पिंग्रींच्या मळ्यांसारखी पुसली गेलेली नाही.

त्यातलं १९५० चं कलम मला विशेष आवडतं. भाडेकरारात काहीही लिहिलेलं असो, वाफेकऱ्याला कोंबड्या आणि ससे पाळता येतील. मात्र आरोग्याला धोका नको, शेजाऱ्याला उपद्रव नको, आणि कोंबडा चालणार नाही. प्रोत्साहन आणि देखरेख एकाच वाक्यात बसवायचं तर ते असं.

हा आधार नसला की काय होतं, ते न्यूयॉर्कने १९९९ मध्ये पाहिलं. सत्तरच्या दशकात शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना रहिवाशांनी पडीक भूखंड साफ करून बागा केल्या. १९७८ मध्ये शहराने त्यांच्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला आणि वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने जागा दिल्या. जागांचे भाव वधारल्यावर महापौर जुलियानींच्या प्रशासनाने शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. दोन विश्वस्त संस्थांनी सुमारे ४२ लाख डॉलर मोजून त्या विकत घेतल्या, म्हणून वाचल्या. लॉस एंजेलिसमध्ये ते जमलं नाही. ऐंशीच्या दशकात शहराने सक्तीने संपादन केलेल्या १४ एकरांवर शेकडो कुटुंबांची शेती १९९२ च्या दंगलींनंतर उभी राहिली. २००३ मध्ये शहराने ती जमीन जुन्या मालकाला परत विकली आणि जून २००६ मध्ये बुलडोझर आले. एक डॉलरच्या पट्ट्यात ‘मुदत’ या रकान्यासमोर काय लिहिलंय, ते सुरुवातीला कुणी वाचत नाही. पुढे सगळं त्यावरच ठरतं.

जमिनीचा हक्क आधी पक्का हवा, हे क्युबाची राजधानी हवानाला आणि रोसारियोला उमगलं. सोव्हिएत मदत आटल्यावर क्युबात खत, डिझेल, अन्न सगळ्याचीच टंचाई झाली. १९९४ मध्ये हवानात शहरी शेतीचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि पिकवेल त्याला जमीन वापरायला फुकट, अशी सोय झाली. माती नसेल तिथे सिमेंटच्या कडा घालून कंपोस्टचे वाफे केले. अर्जेंटिनातल्या रोसारियोने २००१ च्या आर्थिक पडझडीनंतर पुढच्याच वर्षी पालिकेचा कार्यक्रम सुरू केला. कोणत्या जमिनीवर घरं बांधता येणारच नाहीत, याची पालिकेने आधी मोजदाद केली: रेल्वेमार्गाच्या कडा, ओढ्याकाठची पूरप्रवण पट्टी. तिथे मळेकऱ्यांना वापराचा हक्क दिला आणि माल विकायला चौकात आठवडी बाजार लावून दिला. बिल्डरला नको असलेली जमीन शोधणं ही साधी युक्ती आहे. वीसेक वर्षं टिकून या कार्यक्रमाला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

देखरेखीला मात्र अनेक कार्यकर्ते नाकं मुरडतात. त्यांनी एखाद्या जुन्या घराच्या भिंतीलगतची पट्टी पाहावी. अमेरिकेत १९७८ पर्यंत घराच्या रंगात शिसं चालायचं. खिडकीच्या चौकटीवरचे पोपडे पडत पडत भिंतीपासून हात-दोन हातांच्या मातीत साचतात. तिथेच ऊन छान येतं म्हणून मुळे-पालक लावला जातो, आणि शिसं लहान मुलांच्या पोटात जातं. डोळ्यांना ती माती काळीभोर आणि सुपीक दिसते. उपाय अवघड नाही: माती तपासायची, आणि शिसं निघालं तर बाहेरून आणलेल्या मातीचे उंच वाफे करायचे. पण ती तपासणी पालिकेने स्वस्तात करून दिली नाही, तर ती होत नाही. पाण्याचंही तेच. चिलीची राजधानी सांतियागो इथे भाजीला सांडपाणी दिलं जायचं. १९९१ मध्ये कॉलरा आल्यावर सरकारने कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीसाठी ते बंद केलं, आणि वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला विषमज्वर झपाट्याने उतरला.

उलटी गोष्ट आफ्रिकेतली. अनेक शहरांत ‘मक्यात डास होतात’ म्हणून पालिकेचे लोक उभं पीक कापत असत. कंपालाने या शतकाच्या पहिल्या दशकात कापणीऐवजी परवान्याचे उपविधी केले. नैरोबीने २०१५ मध्ये, नावातच ‘प्रोत्साहन आणि नियमन’ असलेला कायदा केला.

आणि पुन्हा डेट्रॉइट. लोकसंख्या साडेअठरा लाखांवरून सात लाखांच्या घरात आलेली, भूखंड ओसाड, त्यांवर लोकांच्या बागा, आणि नकाशात शेतीचा रंग नाही. शहराने नियम करायचं म्हटलं तर मिशिगन राज्याचा १९८१ चा शेतकरी संरक्षण कायदा आड आला. गावाकडच्या शेतकऱ्याला नव्याने राहायला आलेल्या शेजाऱ्यांच्या तक्रारींपासून वाचवणारा तो कायदा. व्यापारी शेती एकदा मान्य केली, की वास, आवाज, अंतर यावर शहराचा अधिकारच उरला नसता. त्यामुळे शहर मान्यता द्यायलाच कचरत राहिलं. राज्याच्या कृषी आयोगाने २०११ च्या अखेरीस एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना या संरक्षणातून वगळलं, तेव्हा गाठ सुटली. २०१३ च्या नियमात एक एकरापर्यंत ‘बाग’ आणि त्यावर ‘शेत’ अशी व्याख्या आली. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१२ मध्ये, सुमारे दीड हजार भूखंड एकाच उद्योजकाला झाडं लावायला विकण्याचा ठराव परिषदेत ५-४ असा निसटता मंजूर झाला होता. वर्षानुवर्षं स्वतःच्या शेजारचा भूखंड मागणारे रहिवासी तेव्हा सभागृहात बसून होते.

जनावरांचा प्रश्न तेव्हा बाजूलाच ठेवला होता. तो निकाली निघायला २०२४ उजाडलं. आता डेट्रॉइटमध्ये परवाना काढून कोंबड्या-बदकं मिळून आठ पाळता येतात. कोंबड्याला तिथेही मनाई आहे.