अनइन्स्टॉल केल्यावर नेमके काय जाते?

संगणकावरून एखादे सॉफ्टवेअर काढायचे म्हणजे त्याचे फोल्डर शोधून डिलीट करायचे आणि डेस्कटॉपवरचे चिन्ह दिसेनासे झाले की काम संपले, असा समज अजूनही अनेकांच्या मनात आहे. याच्या नेमका उलट समजही तितकाच पसरलेला आहे. सॉफ्टवेअर काढले तरी त्याचा कचरा मागे उरतोच, तो साचून संगणक मंदावतो आणि त्यासाठी साफसफाईचे वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, असे तो समज सांगतो. दोन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे, की प्रत्येक सॉफ्टवेअर ही एक सुटी वस्तू असते. वास्तव तसे नसल्यामुळेच सॉफ्टवेअर बसवण्यापेक्षा ते सुरक्षितपणे काढणे हा अधिक अवघड प्रश्न ठरतो.

एखादा प्रोग्रॅम आपली सगळी कामे स्वतः करत नाही. माहितीचा आकार आकसून लहान करणे, अक्षरे पडद्यावर रेखाटणे, नेटवर्कशी सुरक्षित संपर्क साधणे अशी नेहमीची कामे तो तयार लायब्ररींकडून, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कोडच्या संचांकडून, करून घेतो आणि त्याच लायब्ररी इतर प्रोग्रॅमही वापरत असतात. १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली झेडलिब ही माहितीचा आकार लहान करणारी लायब्ररी याचे उत्तम उदाहरण आहे. पीएनजी प्रकारची चित्रे उघडणाऱ्या प्रोग्रॅमना ती लागते, ब्राउझरना लागते, आणि डेबियन लिनक्समध्ये पॅकेजे (सॉफ्टवेअरचे बांधलेले गठ्ठे) बसवण्याचे व काढण्याचे काम करणारे डीपीकेजी हे सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावरच अवलंबून आहे. चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम काढताना त्याच्यासोबत कोणी झेडलिबही काढून टाकली, तर काढण्याचे साधनच निकामी होईल. एका विहिरीवरून पाच शेतांना पाणी जात असताना एका शेतकऱ्याने शेती सोडली म्हणून विहीर बुजवता येत नाही. परंतु पाचही शेते पडीक झाल्यावर ती बुजवता येईल, हे कोणाला आणि कसे कळावे?

पहिले सुचणारे उत्तर म्हणजे मोजणी. विंडोजच्या रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे प्रणाली आणि सॉफ्टवेअर यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कोठारात, ‘शेअर्ड डीएलएल’ नावाची एक नोंद असते (डीएलएल म्हणजे विंडोजमधील सामाईक लायब्ररीची फाइल). सामाईक लायब्ररी वापरणारे सॉफ्टवेअर बसवले गेले की त्या लायब्ररीपुढचा आकडा एकाने वाढवायचा, सॉफ्टवेअर काढले की एकाने कमी करायचा, आणि तो शून्यावर आला की लायब्ररी काढायला हरकत नाही, असा तिचा नियम आहे. नियम सोपा आहे, पण तो सर्वांच्या शिस्तीवर उभा आहे. एखाद्या इन्स्टॉलरने आकडा वाढवलाच नाही, किंवा वापरकर्त्याने अनइन्स्टॉलर न चालवता फोल्डरच पुसले, तर आकडा खोटा पडतो आणि पुन्हा कधीही आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणूनच जुन्या विंडोजमध्ये ‘ही सामाईक फाइल आता कोणी वापरत नसावे, काढू का?’ अशा अर्थाचा प्रश्न वापरकर्त्यालाच विचारला जाई. त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी माहिती त्या बिचाऱ्याकडे कधीच नसे.

मोजणीत याहून खोल असा एक तार्किक दोष आहे, आणि या विषयाचे सारे सौंदर्य मला त्या दोषात आणि त्याच्या उत्तरात दिसते. समजा क आणि ख हे दोन घटक एकमेकांवर अवलंबून आहेत आणि ग हा प्रोग्रॅम क वापरतो. क चे वापरकर्ते दोन, ग आणि ख. ख चा वापरकर्ता एक, म्हणजे क. आता ग काढला. क चा आकडा दोनावरून एकावर आला, शून्यावर नाही, कारण ख ला तो हवा आहे. ख चा आकडाही एकच राहिला, कारण क ला तो हवा आहे. जगात इतर कोणालाही नको असलेली ही जोडी केवळ एकमेकांच्या आधारावर कायमची डिस्कवर बसून राहते. अशी वर्तुळे ही कागदावरची कल्पना नाही. डेबियनमध्ये सी भाषेची मूळ लायब्ररी आणि जीसीसी या कंपायलरसोबत (प्रोग्रॅमचे यंत्राला कळणाऱ्या भाषेत रूपांतर, म्हणजे कंपाइल, करणारे साधन) येणारी एक छोटी साहाय्यक लायब्ररी परस्परांवर अवलंबून आहेत.

यावरचा उपाय सॉफ्टवेअर पॅकेजांच्या फार आधी, संगणकाच्या स्मृतीच्या व्यवस्थापनासाठी शोधला गेला होता. १९६० मध्ये जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेवरच्या आपल्या शोधनिबंधात तो मांडला, आणि त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी मोजणीची पद्धतही प्रसिद्ध केली. मॅकार्थींच्या पद्धतीत प्रश्नच उलटा केला जातो. ‘या घटकाला कोण वापरते?’ असे प्रत्येक घटकापाशी थांबून विचारायचे नाही. जे निश्चित हवेच आहे अशा मुळांपासून निघायचे, त्यांना जे लागते त्यावर खूण करायची, त्या खूण केलेल्यांना जे लागते त्यावरही खूण करायची, आणि नवीन काही सापडेनासे होईपर्यंत असेच चालत राहायचे. शेवटी ज्यावर खूण नाही ते निरुपयोगी. क आणि ख यांची जोडी येथे सहज सापडते, कारण त्या दोघांना एकमेकांकडे जाणारी वाट असली तरी कोणत्याही मुळापासून त्यांच्यापर्यंत येणारी वाट उरलेली नसते.

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर आधारित प्रणालींमध्ये ‘ॲप्ट’ या पॅकेजे बसवण्या-काढण्याच्या साधनाची ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा हेच करते. (सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे.) समजा तुम्ही गिंप हा चित्रसंपादक बसवला. त्याला गेगल ही चित्रप्रक्रियेची लायब्ररी लागते आणि गेगलला बॅबल ही रंगांची रूपांतरे करणारी लायब्ररी लागते. त्यामुळे तुम्ही नावही न घेतलेल्या या दोघी सोबत येतात आणि ॲप्ट त्यांच्यापुढे ‘आपोआप बसवलेले’ अशी नोंद करून ठेवते. तुम्ही स्वतः मागितलेली पॅकेजे आणि प्रणालीला अत्यावश्यक असलेली पॅकेजे ही मुळे ठरतात. गिंप काढल्यावर दुसऱ्या कोणत्याही मुळापासून गेगल आणि बॅबलपर्यंत वाट जात नसेल, तर त्या काढण्याजोग्या होतात. झेडलिबपर्यंत मात्र इतर असंख्य वाटा येत असल्यामुळे तिला धक्का लागत नाही.

माणसाने काय मागितले आणि यंत्राने स्वतःहून काय आणले, एवढ्या एका भेदाच्या नोंदीवर सारी सुरक्षितता उभी आहे. लायब्ररीची फाइल कितीही बारकाईने तपासली तरी ती नकोशी झाली आहे की नाही हे त्या फाइलमधून कळू शकत नाही, कारण ते उत्तर माणसाच्या इच्छेत असते. म्हणूनच तुम्ही एखादा प्रोग्रॅम ॲप्टच्या बाहेर, स्वतः कंपाइल करून बसवला असेल तर तो या जाळ्यात दिसतच नाही, आणि त्याला लागणारी लायब्ररी ऑटोरिमूव्ह निर्धास्तपणे काढून टाकू शकते. अशा लायब्ररीवर ‘ही मी मागितली आहे’ अशी खूण ॲप्ट-मार्क या आज्ञेने स्वतः करून ठेवावी.

नेमक्या याच कारणासाठी ‘रजिस्ट्री क्लीनर’ आणि एका टिचकीत संगणक वेगवान करण्याचे दावे यांवर विश्वास ठेवू नये. अवलंबनाचे पूर्ण जाळे त्यांच्याजवळ नसते, त्यामुळे कोणती नोंद अनाथ आहे याचा ते केवळ अंदाज करतात. काही हजार निरुपयोगी नोंदी पुसल्याने वेगात जाणवेल असा फरक पडत नाही, पण एक उपयोगी नोंद पुसली गेली तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो. मायक्रोसॉफ्टनेही अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नसल्याचे स्पष्ट केलेले आहे.

जाळे अचूक असले तरी माणसाने यादी वाचणे आवश्यक असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. त्या वेळच्या पॅकेजांमधील विसंगतीमुळे स्टीम बसवायचे तर संपूर्ण डेस्कटॉप (खिडक्या आणि चिन्हे दाखवणारी पडद्यावरची व्यवस्था) काढावा लागेल, असा निष्कर्ष ॲप्टने काढला. ॲप्टने इशारा दिला आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य टाइप करायला सांगितले. ते टाइप झाले आणि डेस्कटॉप गेला. पुढे ॲप्टमधून तो मार्गच काढून टाकण्यात आला आणि अत्यावश्यक पॅकेजे काढण्यासाठी वेगळा पर्याय मुद्दाम द्यावा लागेल अशी रचना झाली, हे योग्यच झाले. त्याआधी मार्च २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट भांडारातून लेफ्ट-पॅड नावाचे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज लेखकाने मागे घेतले, आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी (कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर तयार करणे) काही तास अडली. त्या भांडाराच्या आजच्या नियमानुसार इतर पॅकेजे अवलंबून असलेले पॅकेज लेखकालाही सहजपणे मागे घेता येत नाही.

मोबाइलवर हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवलेला आहे. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता क्रमांक आणि स्वतःचे बंदिस्त फोल्डर देते, आणि बहुतेक ॲपे आपल्या लायब्ररी सोबतच आणतात. जागा जास्त लागते, पण ॲप काढताना ते फोल्डर निःशंकपणे पुसता येते. तरीही सामाईक भाग पूर्णपणे संपलेले नाहीत. मार्च २०२१ मध्ये वेबव्ह्यू या, ॲपमध्येच वेबपाने दाखवणाऱ्या, सामाईक घटकाचे सदोष अपडेट आले तेव्हा जीमेलसह अनेक ॲपे उघडताच बंद पडत होती. शिवाय तुम्ही डाउनलोड्समध्ये साठवलेल्या फाइली ॲप काढल्यावर जात नाहीत आणि कंपनीच्या सर्व्हरवरील तुमचे खातेही जात नाही. खाते उघडण्याची सोय देणाऱ्या ॲपने ते कायमचे बंद करण्याची सोय ॲपमध्ये आणि वेबवरही द्यावी, असा नियम गूगलने आपल्या प्ले स्टोअरसाठी २०२३ मध्ये जाहीर केला. त्यामुळे ॲप काढण्यापूर्वी त्याच्या सेटिंग्जमध्ये हा पर्याय शोधून खाते आधी बंद करावे.