फाइलीचं मोर्तब

शिवाजी महाराजांच्या पत्राखाली 'मर्यादेयं विराजते' असा छोटा शिक्का असायचा. मजकूर इथे संपला. त्यापुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे. संगणकातल्या मजकुराच्या फाइलीलाही एके काळी असंच मोर्तब लागायचं. ते न पाहता पुढची ओळ मागितली, की जीडब्ल्यू-बेसिक ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा 'इनपुट पास्ट एंड' (शेवटाच्या पुढचं वाचायला मागताय) म्हणून अडून बसायची. चूक क्रमांक ६२.

मोर्तबाची गरज पडली ती सीपी/एममुळे. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये रचलेली ही कार्यप्रणाली फाइलीची लांबी १२८ बाइटांच्या रेकॉर्डांत मोजायची. ३०० अक्षरांच्या पत्राला तीन रेकॉर्ड, म्हणजे ३८४ बाइट. उरलेल्या ८४ बाइटांत काहीही कचरा असू शकतो. म्हणून मजकूर संपला की तिथे आस्कीतलं, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातलं, २६ क्रमांकाचं चिन्ह, कंट्रोल-झेड, ठेवायचं. १९८१ मध्ये आलेली एमएस-डॉस ही कार्यप्रणाली लांबी अगदी बाइटपर्यंत नोंदवू लागली. खरं तर शिक्क्याचं काम तिथेच संपलं, पण सवय कुठे सुटते? डॉसच्या 'कॉपी कॉन' या आज्ञेने कीबोर्डवरून थेट फाइल लिहून झाल्यावर आपण एफ-६ दाबायचो, तो हाच शिक्का.

बेसिकमध्ये शेवट ओळखतं ते ईओएफ ('एंड ऑफ फाइल') हे फंक्शन. वर 'व्हाइल नॉट ईओएफ(१)', म्हणजे 'पहिली फाइल संपली नाही तोवर', मध्ये ओळ वाचायची, खाली 'वेंड', म्हणजे 'परत वर जा'. ईओएफ वाचण्याआधीच पुढे डोकावून सांगतं, म्हणून प्रश्न वरच विचारायचा. आधी वाचून मग विचारणारा प्रोग्रॅम रिकाम्या फाइलीवर पहिल्याच फटक्यात ६२ वर आपटतो.

फाइल संपली असेल तर ईओएफचं उत्तर −१, नसेल तर ०. ही 'वजा एक'ची भानगड मला फार आवडते. बेसिकचं 'नॉट' संख्येचा प्रत्येक बिट उलटवतं, ०चा १ आणि १चा ०. शून्याचे सोळाही बिट उलटवले की सगळे १ होतात, आणि ती संख्या −१. ती पुन्हा उलटवली की शून्य. 'हो'साठी साधा १ धरला असता, तर 'नॉट १' म्हणजे −२. शून्य सोडून सगळं बेसिकला 'हो'च वाटतं, म्हणजे 'हो'च्या उलटही 'हो'! व्हाइल थांबलाच नसता आणि गाडी परत ६२ वर.

खरा घोळ होतो तो शिक्का मध्येच उमटला की. चित्राच्या किंवा आकड्यांच्या फाइलीत २६ हा बाइट कुठेही सापडू शकतो. 'इनपुट' पद्धतीने उघडलेली फाइल तिथेच संपते, चूक झाल्याचा संदेशही येत नाही, आणि निम्मी माहिती गुपचूप गायब होते. अशा वेळी क्यूबेसिक या पुढच्या बेसिकमध्ये फाइल 'बायनरी' पद्धतीने उघडावी, एलओएफ या फंक्शनला फाइलीची लांबी विचारावी आणि तितके बाइट मोजून घ्यावेत. डॉसची 'कॉपी'सुद्धा दोन फाइली जोडताना या शिक्क्यापाशी थबकते. '/बी' जोडलं तरच ती पुढचं उचलते.