भारतातील स्मार्टफोन व ॲप बाजारपेठ

संख्येच्या हिशेबाने चीनच्या खालोखाल जगातली दुसरी मोठी स्मार्टफोन बाजारपेठ. आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार भारतात २०२१ मध्ये १६.१ कोटी, २०२२ मध्ये १४.४ कोटी आणि २०२४ मध्ये १५.१ कोटी स्मार्टफोन बाजारात आले. इथे दोन वेगळ्या स्पर्धा एकाच वेळी चालतात. पहिली हँडसेटची. तिच्यात दर चार-पाच वर्षांनी पहिला नंबर बदलतो आणि आज ज्याच्या नावाचे फलक गावोगावी लागले आहेत त्याचे नाव दहा वर्षांनी आठवावे लागते. दुसरी ॲप्सची. तिच्यात स्पर्धक पुष्कळ येतात आणि जातात, पण ॲप लोकांच्या फोनपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र बहुतांशी गूगलच्या हातात राहिली आहे. देशातल्या सुमारे ९५ टक्के स्मार्टफोनांत अँड्रॉइड असल्यामुळे हे घडले.

पूर्वपीठिका : देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केला. तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झाले, त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून हँडसेट देणारी ‘मान्सून हंगामा’ योजना आणली आणि मोबाइल ही साहेबांची वस्तू राहिली नाही. नोकियाचा ११०० हा टॉर्चवाला फोनही २००३ चाच. धूळ आत न जाणारा कीपॅड आणि वीज गेल्यावर उपयोगी पडणारा उजेड या दोन गोष्टींवर तो खेडोपाडी खपला. जगभरात त्याची विक्री २५ कोटींच्या घरात गेली. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला नोकियाने २००६ मध्ये सुरू केलेला कारखाना २०१४ मध्ये बंद पडला. अँड्रॉइड न स्वीकारण्याची किंमत कंपनीने सगळीकडेच मोजली, भारतात तर जरा जास्तच.

भारतीय ब्रँडची दहा वर्षे : गुरुग्रामच्या मायक्रोमॅक्सने २००८ मध्ये एक्स१आय हा फोन आणला. एकदा चार्ज केला की महिनाभर चालतो, ही त्याची जाहिरात. भारनियमनाच्या काळात एवढे एक वाक्य पुरेसे होते. त्यापाठोपाठ दोन सिमचे फोन आले. एका कंपनीचे सिम बोलायला आणि दुसऱ्याचे स्वस्त मेसेजला, असा हिशेब करणाऱ्या ग्राहकाला मायक्रोमॅक्स, इंटेक्स, लावा, कार्बन यांनी ओळखले. नोकियाला ते फार उशिरा सुचले. २०१२ चा कॅनव्हास २ हा पाच इंची पडद्याचा फोन ९,९९९ रुपयांना मिळे. सॅमसंगचा तेवढाच पडदा घ्यायचा तर त्याच्या कितीतरी पट पैसे लागत. २०१४ च्या उत्तरार्धात कॅनालिस या संस्थेने मायक्रोमॅक्सला पहिला नंबर दिला. सॅमसंगला तो मान्य नव्हता आणि इतर संस्थांचे आकडेही वेगळे होते, पण भारतीय कंपनी सॅमसंगच्या बरोबरीला आली होती यात वाद नाही.

या कंपन्यांची ताकद होती वितरकांचे जाळे आणि भावाची नस. फोन मात्र चीनमधल्या शेंझेनच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होई, त्यावर नाव यांचे लागे. ही कमजोरी ५ सप्टेंबर २०१६ रोजी उघडी पडली. त्या दिवशी सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यावर आवाजाचा कॉलसुद्धा फोर-जीतूनच जात होता, त्यामुळे जुना थ्री-जी फोन तिथे निरुपयोगी होता. भारतीय ब्रँडच्या गोदामांत नेमका तोच माल पडला होता. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि रोखीवर चालणारे स्वस्त फोनांचे गिऱ्हाईक दोन-तीन महिने दुकानाकडे फिरकले नाही. चिनी कंपन्यांकडे फोर-जीचे मॉडेल तयार होते आणि नुकसान सोसायला पैसाही होता. भारतीय ब्रँड चिनी मालाच्या लोंढ्यामुळे बुडाले असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण यांचा मालही चीनमधूनच येत होता. स्वतःचे अभियंते त्यांनी वेळेवर उभे केले नाहीत, हा मुद्दा त्या चर्चेत सहसा निघत नाही. मायक्रोमॅक्सने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इन’ मालिकेतून पुनरागमनाचा प्रयत्न केला, तो टिकला नाही. लावा तेवढी नेटाने तग धरून आहे.

चिनी कंपन्या व विक्रीच्या दोन पद्धती : फेब्रुवारी २०१४ मध्ये मोटोरोलाने मोटो जी हा फोन फक्त फ्लिपकार्टवर १२,४९९ रुपयांना विकायला काढला आणि दुकानाशिवाय फोन खपतो हे सिद्ध केले. जुलैमध्ये शाओमी आली. आधी नाव नोंदवायचे, ठरलेल्या दिवशी दुपारी दोनच्या आत लॉगिन करून बसायचे, घड्याळाकडे डोळे लावायचे आणि दोन वाजून काही सेकंदांनी ‘आउट ऑफ स्टॉक’ वाचायचे, हा त्या वर्षी ऑफिसा-ऑफिसांतला आणि कॉलेजांतला खेळ झाला होता. जाहिरातीवर फारसा खर्च नाही, दुकानदाराचे कमिशन नाही, म्हणून ५,९९९ रुपयांत रेडमी १एस देणे परवडले. २०१७ च्या अखेरीस शाओमीने सॅमसंगला मागे टाकले आणि पुढची सुमारे पाच वर्षे पहिला नंबर राखला.

ओप्पो आणि विवो यांनी नेमकी उलटी वाट धरली. तालुक्याच्या गावातल्या मोबाइल शॉपीचा फलक पाहिला की ती कळते. हिरव्या किंवा निळ्या रंगाचा भलामोठा फलक कंपनीने स्वखर्चाने लावून दिलेला असतो, त्यावर कंपनीचे नाव हातभर आणि दुकानाचे, बहुधा कुलदैवताच्या नावाने असलेले, कोपऱ्यात बोटभर. आत कंपनीचा टी-शर्ट घातलेला मुलगा उभा असतो. पगार त्याला कंपनी देते, दुकानदार नव्हे. ग्राहकाने दुसरा फोन मागितला तरी हा मुलगा ‘दादा, कॅमेरा तरी बघून घ्या’ म्हणत आपला फोन हातात देतो. दुकानदाराला हँडसेटवर सुटणारे पैसे थोडेच. महिन्याचे टार्गेट पूर्ण झाले तर वरची स्कीम मिळते, आणि खरी कमाई टेम्पर्ड ग्लास, कव्हर आणि चार्जरवर. काउंटरच्या टोकाला लॅपटॉप उघडून फायनान्सवाला बसलेला असतो. आधार, पॅन, फोटो, ओटीपी एवढे झाले की अर्ध्या तासात फोन खिशात. हप्त्यांच्या या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या बजाज फायनान्सचा मोठा वाटा आहे. विवोने २०१८ पासूनच्या पाच वर्षांच्या आयपीएल प्रायोजकत्वासाठी २,१९९ कोटी रुपये कबूल केले, ओप्पोने २०१७ मध्ये भारतीय संघाच्या जर्सीसाठी १,०७९ कोटी. दोन्ही करार मुदतीपर्यंत टिकले नाहीत, पण नावे घराघरांत पोहोचली. २०२४ मध्ये वर्षभराच्या हिशेबात विवो पहिल्या क्रमांकावर होती. ऑनलाइनचे वारे कितीही जोरात असले तरी या देशात दुकान जिंकते, असे त्यावरून म्हणायला हरकत नाही. शाओमीलाही पुढे दुकानांच्या दारात जावेच लागले.

ऑनलाइन कंपन्या आणि हँडसेट उत्पादक यांच्या आपापसातल्या ‘एक्सक्लुझिव्ह’ करारांविरुद्ध व्यापारी संघटना बरीच वर्षे तक्रार करीत आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्या चौकशीचा आदेश दिला.

भाव आणि कल : शाओमीचे प्रमुख लेई जून यांनी २०१८ मध्ये हार्डवेअरवरचा निव्वळ नफा पाच टक्क्यांवर जाऊ देणार नाही असे जाहीर केले. मग पैसा कुठून? फोनच्या आतल्या जाहिरातींतून आणि आधीच भरून दिलेल्या ॲप्समधून. फाइल मॅनेजर उघडला तरी जाहिरात का दिसते याचे उत्तर इथे आहे. अलीकडे वारे महागड्या फोनांकडे वळले आहे. संख्या २०२१ च्या पातळीला परत पोहोचलेली नाही, मात्र सरासरी किंमत २०२४ मध्ये २५९ डॉलर या विक्रमी पातळीवर गेली. लोक फोन जास्त दिवस वापरतात आणि बदलताना हप्त्याने वरचा घेतात. याचा सर्वाधिक लाभ ॲपलला झाला. २००८ मध्ये आयफोन ३जी इथे ३१,००० रुपयांना आला तेव्हा अमेरिकेत तो करारासह १९९ डॉलरला मिळतो म्हणून लोक हसले होते. एप्रिल २०२३ मध्ये कंपनीने देशातले आपले पहिले दुकान मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले, सप्टेंबर २०२५ मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कला.

उत्पादन : आयातशुल्क वाढवत नेणे आणि २०२० पासून उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन देणे, या दोन धोरणांमुळे जुळणीचे काम भारतात आले. सॅमसंगचा नोएडाचा विस्तारित कारखाना २०१८ मध्ये सुरू झाला. आयफोनची जुळणी २०१७ मध्ये बंगळुरूत विस्ट्रॉन या तैवानी कंपनीकडे सुरू झाली, पुढे फॉक्सकॉन ही दुसरी तैवानी कंपनी आली आणि २०२३ मध्ये विस्ट्रॉनचा कारखाना टाटांनी घेतला. डिक्सन ही कंपनी शाओमी, मोटोरोला अशा अनेकांचे फोन तयार करून देते. महाराष्ट्राच्या वाट्याला यातले फार थोडे आले. ऑगस्ट २०१५ मध्ये फॉक्सकॉनने राज्य सरकारशी पाच अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला, तळेगावच्या जागेची चर्चा झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये तो प्रकल्प येणार नसल्याचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी सांगून टाकले. तमिळनाडू, कर्नाटक आणि उत्तर प्रदेश पुढे निघून गेले होते.

ॲप्स आणि प्रवेशद्वाराची मालकी : भारतीय माणूस ॲप डाउनलोड करण्यात जगात आघाडीवर आणि त्यासाठी पैसे देण्यात बराच मागे. त्यामुळे नेटफ्लिक्सला २०१९ मध्ये खास मोबाइलपुरती १९९ रुपयांची योजना काढावी लागली, ती पुढे १४९ वर आली. जिओसिनेमाने २०२३ ची आयपीएल फुकट दाखवली. कमाई जाहिरातीतून, कमिशनमधून किंवा कर्ज विकून करायची, अशी येथील ॲप-धंद्याची घडण आहे.

ॲप विकणाऱ्याला प्ले स्टोअर टाळता येत नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच दिवसांच्या अंतराने गूगलला दोन दंड ठोठावले : प्ले स्टोअर हवे तर गूगलची सगळी ॲप्स फोनमध्ये भरा, या अटीबद्दल १,३३७.७६ कोटी, आणि प्ले स्टोअरवरच्या सक्तीच्या बिलिंगबद्दल ९३६.४४ कोटी. अपील न्यायाधिकरणाने पहिला दंड २०२३ मध्ये कायम ठेवला, पण त्यासोबतचे काही निर्देश रद्द केले. दुसरा २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला. दरम्यान १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादावरून गूगलने भारत मॅट्रिमोनी, नोकरी, ९९एकर्स, कुकू एफएम अशी ॲप्स स्टोअरवरून काढली. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी मध्यस्थी केल्यावर ती परत आली. दंडाच्या आकड्यांपेक्षा सत्ता कुणाकडे आहे हे त्या दोन-चार दिवसांत अधिक स्पष्ट दिसले. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठीसह बारा भारतीय भाषांत इंडस ॲपस्टोअर सुरू केले आहे. गूगलला धक्का लागावा एवढे ते अजून वाढलेले नाही.

यूपीआयचे चित्र मजेशीर आहे. रस्ता सार्वजनिक, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने २०१६ मध्ये बांधलेला, आणि त्यावरची ऐंशी टक्क्यांहून अधिक वाहतूक दोन गाड्यांची : वॉलमार्टची मालकी असलेली फोनपे आणि गूगल पे. वडापावच्या गाडीवर मराठीत रक्कम सांगणारा डबा पेटीएमने रुळवला, पण पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये केलेल्या कारवाईने पेटीएमच मागे पडले. कोणत्याही ॲपचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये, हा महामंडळाचा नियम २०२० चा. तो पाळण्याची मुदत वाढत वाढत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली आहे.

सरकारी आदेशाने बाजार एका रात्रीत कसा पालटतो याची दोन उदाहरणे आहेत. २९ जून २०२० रोजी, गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यांत टिकटॉक होते. खेड्यापाड्यांतल्या हौशी कलाकारांचे लाखोंचे फॉलोअर्स त्या संध्याकाळी गेले. मोज, जोश, चिंगारी अशी देशी ॲप्स धावून आली, पण ८ जुलैला भारतात उतरलेल्या इन्स्टाग्राम रील्सने आणि नंतरच्या यूट्यूब शॉर्ट्सने जागा बळकावली. म्हणजे चिनी ॲप गेले, त्याचा लाभ मुख्यतः अमेरिकी कंपन्यांना झाला. दुसरे उदाहरण ऑगस्ट २०२५ चे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी येताच मुंबईच्या ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचे तिचे नावही गेले.

भाषेचा मुद्दा महाराष्ट्रात रस्त्यावर आला. ॲमेझॉनच्या ॲपमध्ये मराठी नाही म्हणून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २०२० च्या अखेरीस आंदोलन केले, फलक फाडले, कार्यालयांची मोडतोड झाली, प्रकरण न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲमेझॉनवर मराठी आली. फ्लिपकार्टच्या ॲपमध्येही ती आहे. मात्र त्या मराठीत वस्तूंची वर्णने वाचताना ती यंत्राने केली आहेत हे लगेच समजते.

नव्या घडामोडी : २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲप्सनी आधी फुकट देण्याची जिओचीच जुनी युक्ती उचलली. जुलैत एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर मोफत दिले, ऑक्टोबरअखेर जिओने गूगल जेमिनीची अठरा महिन्यांची योजना जाहीर केली आणि नोव्हेंबरपासून ओपनएआयने चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट केले. झोहो या भारतीय कंपनीच्या अरट्टाई या संदेश-ॲपला सप्टेंबर २०२५ मध्ये अचानक भाव आला, तरी व्हॉट्सॲपवरचे सोसायटीचे आणि शाळेचे ग्रुप जागचे हलले नाहीत. हे ग्रुप आपल्याकडे ओढणे हाइक या देशी संदेश-ॲपलाही जमले नव्हते, ते २०२१ च्या जानेवारीत बंद झाले होते.

नव्या फोनच्या पडद्यावर कुणाचे ॲप आधीपासून असावे, या प्रश्नात सरकारनेही उडी घेतली. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रत्येक नव्या हँडसेटमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप भरून देण्याचा आदेश उत्पादकांना काढला. पाळत ठेवली जाईल म्हणून ओरड झाली, आणि ३ डिसेंबरला केंद्राने ती सक्ती मागे घेतली.